ब्रेक ऑइल कमी होतंय? भरण्याआधी ते गेलं कुठे ते शोधा

यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात येताना एका ठरावीक वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षणभर लागायचा आणि गाडी सरळ झाली की विझायचा. हँडब्रेक पूर्ण खाली होता. घरी येऊन बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलची पातळी मिनच्या रेषेपाशी. बाटली आणून भरलं, दिवा लागायचा थांबला. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच दिवा, पुन्हा तेच वळण, आणि मी पुन्हा भरलं. तिसऱ्या वेळी ओळखीच्या मिस्त्रींनी हात धरला. म्हणाले, "आता भरू नका. आधी बघू, गेलं कुठं ते." मागचं डावं चाक काढलं तर टायरची आतली बाजू ओलीचिंब होती आणि ड्रममध्ये, म्हणजे मागच्या ब्रेकच्या गोल डब्यात, लायनर (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ऑइलात भिजलेले. तोवर कित्येकदा मी घरच्यांना बसवून तो घाट उतरलो होतो.

पसरणी, केळघर, यवतेश्वर, खंबाटकी असे घाट दाराशी असलेल्या जिल्ह्यात ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे, विशेषतः जुनी गाडी, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गळती शोधायला मेकॅनिक असावं लागत नाही. दुरुस्तीत मात्र कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, हे आधी ठरवावं लागतं.

टाकीतलं ऑइल कमी होतं म्हणजे काय

ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. तुम्ही पॅडल दाबता, मास्टर सिलिंडर ऑइल पुढे ढकलतो, लोखंडी पाइप आणि रबरी होजमधून तोच दाब चारही चाकांपर्यंत जातो. ऑइल जळत नाही, उडून जात नाही. मग पातळी उतरते ती दोनच कारणांनी.

पहिलं कारण निर्धोक आहे. पुढचे ब्रेक पॅड झिजतात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागे जास्त ऑइल राहतं. त्यामुळे वर्ष-दीड वर्षात पातळी मॅक्सवरून हळूहळू मिनकडे येते. असं असेल तर ऑइल भरायचं नाही, पॅड बघायचे. पॅड संपलेले असताना टाकी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर तेच ऑइल वरून उतू जातं.

दुसरं कारण गळती. ओळखायची खूण म्हणजे वेग. काही आठवड्यांत, काही दिवसांत पातळी दिसण्याइतकी उतरली तर ते पॅडचं काम नाही. टाकीवर मार्करने आजच्या पातळीची रेघ आणि तारीख लिहून ठेवा. मी दोनदा भरण्याऐवजी एकदा रेघ मारली असती, तर आठवडाभरात कळलं असतं.

वळणावर लुकलुकणारा दिवा ही पहिली सूचना असते. पातळी मिनजवळ आली की वळणावर, उतारावर ऑइल एका बाजूला कलतं आणि टाकीतला तरंगता भाग खाली जाऊन दिवा लावतो. बहुतेक गाड्यांत हँडब्रेकचा आणि ऑइलचा दिवा एकच असतो, म्हणून लोक हँडब्रेक खालीवर करून पाहतात आणि सोडून देतात.

नाव ऑइल, पण हे ऑइल नव्हे

आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो, मीही म्हणणार. पण हा ग्लायकॉल जातीचा द्रव आहे आणि खनिज तेलाशी त्याचं हाडवैर आहे. त्या टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पडलं, तर आतली सगळी रबरं फुगतात. मग एक रबर बदलून भागत नाही. मास्टरपासून चारही चाकांपर्यंत रबर असलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो. चुकून भरलं गेलंच तर पॅडल एकदाही दाबू नका, गाडी ढकलत किंवा टोइंगने गॅरेजला न्या.

बाटलीवर डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ असं लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीला कोणतं लागतं ते टाकीच्या झाकणावर छापलेलं असतं, आजच्या बहुतेक गाड्यांना डॉट ४. फरक उकळण्याच्या तापमानाचा आहे. कोरडं, म्हणजे ताजं असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक सांगतं. पण हा द्रव हवेतलं पाणी ओढून घेतो. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की डॉट ४ची हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, आणि सहा महिन्यांपूर्वी उघडलेली अर्धी बाटली वापरायची नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव डॉट ५.१च्या जवळचं असलं तरी ते यात मिसळत नाही.

याच पाण्यामुळे घाटात अनेकांची दिशाभूल होते. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात की ब्रेक तापतात, जुन्या ऑइलातलं पाणी उकळून वाफ होते आणि पॅडल एकदम मऊ होऊन खाली जातं. अर्ध्या तासाने गाडी गार झाल्यावर पॅडल पुन्हा ठीक. पातळी जागच्या जागी असेल तर ही गळती नव्हे. ऑइल जुनं झालंय, ते बदलायचं आणि उतरताना गिअर खालचा ठेवायचा.

गळती ओळखण्याच्या घरगुती चाचण्या

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि खाली मोठा पुठ्ठा सरकवा, चारही चाकांपर्यंत पोचेल असा. टीव्हीच्या खोक्याचा छान चालतो. सकाळी पुठ्ठ्यावरचे डाग कुठे आहेत ते बघा, म्हणजे निम्मा शोध तिथेच संपतो. चाकाच्या आतल्या बाजूला डाग असेल तर चाकाचा ब्रेक. इंजिनच्या मागे, चालकाच्या बाजूला असेल तर मास्टर सिलिंडर. गाडीच्या मध्ये कुठे असेल तर पाइप.

डाग ब्रेक ऑइलचाच आहे का? ताजं ब्रेक ऑइल फिकट पिवळं असतं, जुनं चहासारखं तपकिरी. बोटावर घेतलं तर निसरडं लागतं, पण इंजिन ऑइलपेक्षा पातळ. एसीचं पाणी नुसतं पाणीच असतं, कूलंट हिरवं किंवा लालसर आणि गोडसर वासाचं, गिअर ऑइलचा वास उग्र. तरी शंका राहिली तर वाटीभर पाण्यात डागाचा एक थेंब सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल वर तरंगतं आणि रंगीत तवंग दिसतो. वाटी मात्र टाकून द्यायची घ्या, हा द्रव विषारी आहे. हात साबणाने धुवा.

मग पॅडल. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पॅडल दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा, मास्टरमागचा गोल डबा) व्हॅक्यूम संपून पॅडल टणक होईल. आता सिग्नलला थांबताना देता तेवढा दाब देऊन पूर्ण मिनिटभर पाय तसाच धरा. पॅडल जागेवर राहिलं तर चांगलं. हळूहळू खाली जात असेल तर दाब कुठून तरी निसटतोय. बाहेर कुठेच ओल नाही, टाकीतली पातळीही उतरत नाही आणि तरी पॅडल खाली जातं, तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी वाट्या गेल्या. ऑइल बाहेर न येता आतल्या आत मागे फिरतंय.

पॅडल दाबल्यावर स्पंजासारखं लागतं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येतं, तेव्हा बहुधा आत हवा गेलेली असते. हवा आत शिरली आहे म्हणजे ऑइल बाहेर आलं असण्याची शक्यता मोठी.

आजच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग असतात, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत एक भाग मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक सांभाळतो, दुसरा उरलेली दोन. एक भाग पूर्ण रिकामा झाला तरी निम्मा ब्रेक शिल्लक राहतो, तोही पॅडल खूप खाली गेल्यावर. "ब्रेक लागतोय की अजून," असं म्हणत लोक चालवत राहतात ते यामुळेच. पुण्याला निघालेल्या भरलेल्या गाडीला तो निम्मा ब्रेक पुरत नाही.

नेमकं ठिकाण

सगळ्यात जास्त वेळा दगा देतो तो मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमला टेकवणारा छोटा सिलिंडर. निदान आपल्याकडच्या आठ-दहा वर्षं वापरलेल्या छोट्या गाड्यांत मी हेच जास्त पाहिलंय. टायरची आतली बाजू आणि ड्रमच्या मागच्या पत्र्याचा खालचा काठ बघा. ओल आणि तिच्यावर चिकटलेली काळी धूळ दिसली तर ड्रम काढा. सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. त्यातली एक बारीक स्क्रू ड्रायव्हरने किंचित उचला. आतून ऑइल ओघळलं तर चोर सापडला.

पुढच्या चाकांत स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून रबरी होज दिसतील असे ठेवा. वाकवून भेगा बघा, फुगवटा बघा, होज जिथे लोखंडी टोकात दाबून बसवलेला असतो तिथली ओल बघा. कॅलिपरला होज ज्या पोकळ बोल्टने जोडतात त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. मागच्या वेळी कुणी जुनेच वायसर परत बसवले असतील तर तिथून पाझर सुरू होतो. ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, नीट आवळलेला नसेल तर तिथूनही.

लोखंडी पाइप गाडीच्या पोटाखालून मागे जातात. क्लिपमध्ये चिखल साचून राहतो, विशेषतः ज्यांची गाडी उसाच्या रानातून रोज जाते त्यांच्या. त्या साचलेल्या ओलीखाली गंज पाइप खात जातो. म्हणून क्लिपच्या जागा आधी तपासा.

मास्टर सिलिंडर मागून गळत असेल तर फसायला होतं. ऑइल बूस्टरच्या पोटात उतरतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. मास्टर आणि बूस्टर जिथे जोडले आहेत तिथल्या खालच्या काठावर बोट फिरवा. रंगाला फोड आले असतील, पापुद्रे निघाले असतील तर तीच खूण, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. ज्या गाड्यांचा क्लच हायड्रॉलिक आहे त्यांत क्लचलाही बहुधा याच टाकीतून ऑइल जातं. तेव्हा चारही चाकं कोरडी असली तर क्लचच्या पॅडलमागचा पत्रा आणि मॅटही चाचपून बघा.

सगळंच माखलेलं असेल आणि सुरुवात कुठून ते कळत नसेल तर तो भाग पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि वरून टाल्कम पावडर भुरभुरा. मग कुणाला तरी चालू इंजिनवर पॅडल जोरात दाबून धरायला सांगा. पावडर जिथे आधी भिजते तिथूनच गळती.

कोणतं काम स्वतःचं, कोणतं मिस्त्रींचं

माझं मत स्पष्ट आहे. शोध प्रत्येकाने स्वतः घ्यावा. तांब्याचे वायसर, निपल, होज आणि व्हील सिलिंडर हे हाताला पान्याची सवय असलेल्या माणसाने, पहिल्या वेळी जाणकार शेजारी उभा करून, करावं. मास्टर सिलिंडर, एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) ब्लॉक आणि लोखंडी पाइप नवशिक्याने करू नयेत. पाइपचं टोक यंत्रावर दुहेरी घडी घालून तयार करावं लागतं. तिथे एम-सील, होज क्लिप किंवा तांब्याचा साधा पाइप दाब सहन करत नाही. आणि एका चाकाचा पाइप ठोकून बंद करून "तीन चाकांवर चालवा" असा सल्ला कुणी दिला, तर तिथून गाडी न चालवता टोइंग करून दुसरीकडे न्या. ब्रेक दाबल्यावर अशी गाडी एका बाजूला ओढते आणि पावसात फिरते.

व्हील सिलिंडर बदलताना

गाडी सिमेंटच्या सपाट जागी घ्या, अंगणातल्या मातीत जॅक रुततो. ड्रम काढायला हँडब्रेक सोडावा लागतो हे विसरू नका, म्हणून पहिला गिअर टाका आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हात घालायचा नाही. काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

ड्रम अडकला असेल तर त्यावर आटे पाडलेली दोन भोकं शोधा. बऱ्याच गाड्यांत त्यात ८ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम सुटून येतो. काही गाड्यांत मात्र ड्रम बेअरिंगसह मोठ्या नटावर असतो. तसा असेल तर थांबा, ते काम मिस्त्रींचं. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची.

शू, म्हणजे लायनर ज्यांवर बसवलेले असतात ते वळवलेले पत्रे, काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा, कोणती स्प्रिंग कुठे ते नंतर आठवत नाही. आणि एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते.

खरी कसोटी मागच्या पाइपच्या नटाची. गंजलेला नट साध्या पान्याने फिरवला की त्याचे कोपरे जातात किंवा नटाबरोबर पाइपही पिळून तुटतो, आणि छोट्या कामाचं मोठं काम होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा, पाइपसाठी खाच असलेला फ्लेअर नट पाना वापरा. पाइप सुटला की त्याच्या तोंडावर निपलची रबरी टोपी चढवा, ऑइल वाहायचं थांबतं. मग मागचे बोल्ट काढा, सिलिंडर बाहेर.

किट, म्हणजे नुसत्या नव्या रबरांचा संच, घालायचं की पूर्ण सिलिंडर? मी पूर्णच बदलतो. आतल्या भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे असतील तर नवी रबरं काही महिन्यांत पुन्हा गळतात. आणि किट घालायचंच ठरलं तर रबरं पेट्रोल-डिझेलमध्ये धुऊ देऊ नका. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. आधीच्या एका गॅरेजात किट बदलताना भाग डिझेलच्या डब्यात धुतले होते आणि ती रबरं फुगून सुटली होती. रबराला फक्त ताजं ब्रेक ऑइल लावायचं.

ऑइलात भिजलेले लायनर घासून, धुऊन, उन्हात वाळवून चालत नाहीत. ते आत शोषून घेतात आणि तापल्यावर पुन्हा सोडतात. शू बदला, आणि दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर ब्रेक सारखा लागणार नाही. ड्रम ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा करा.

हवा काढणं

पाइप उघडला म्हणजे हवा गेलीच. लागतात त्या वस्तू थोड्याच: डॉट ४ची सीलबंद बाटली, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, तळाशी बोटभर ऑइल घेतलेली रिकामी बाटली, रिंग पाना आणि पॅडलवर बसायला एक माणूस. आमच्याकडे ते काम मुलगी करते. हातमोजे आणि चष्मा घाला. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

जुन्या रिवाजाप्रमाणे मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या गाड्यांत मास्टर उजवीकडे असतो, म्हणजे क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा.

इंजिन बंद.
१. नळीचं एक टोक निपलवर, दुसरं बाटलीतल्या ऑइलात बुडालेलं.
२. "दाब" म्हणा. आतला माणूस पॅडल सावकाश तीनदा दाबून तिसऱ्यांदा धरून ठेवेल आणि "धरलंय" म्हणेल.
३. निपल पाव फेरा सोडा. ऑइल आणि बुडबुडे येतील, पॅडल खाली जाईल.
४. निपल आवळा, मगच "सोड" म्हणा. क्रम उलटला तर हवा परत आत ओढली जाते.

बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच करत राहा, आणि दर चार-पाच वेळा टाकी भरा. टाकी रिकामी होऊन मास्टरने हवा घेतली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा अडकली तर काही गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. जुन्या गाडीत पॅडल पार तळाला जाऊ नये म्हणून त्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टरची रबरं रोज जिथे जात नाहीत अशा खडबडीत, गंजलेल्या भागावर घासली की चांगला मास्टरही गळायला लागतो. निघालेलं ऑइल परत टाकीत घालायचं नाही आणि गटारात, ओढ्यात तर मुळीच ओतायचं नाही. बाटलीत बंद करून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी

मॅक्सपर्यंत भरा, झाकण लावा, पॅडल टणक होईपर्यंत दाबा. मिनिटभराची मघाचची चाचणी पुन्हा करा. मग इंजिन सुरू करून पॅडल जोरात दाबून धरायला सांगा आणि टॉर्च घेऊन उघडलेला प्रत्येक जोड बघा. पॅडल मऊ असेल तर गाडी हलवायची नाही, हवा अजून आत आहे.

पहिली फेरी सपाट, मोकळ्या रस्त्यावर, चालण्याच्या वेगाने घ्या. चार-पाच वेळा थांबा, गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. टाकीवर नवी रेघ आणि तारीख लिहा, पुठ्ठा पुन्हा रात्रभर घाला. मी आठवडाभर गावातच फिरलो, रेघ रोज सकाळी पाहिली. आठव्या दिवशी पातळी होती तिथेच होती. मग समर्थ मंदिरापासून वर गेलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरून आलो. त्या वळणावर दिवा लागला नाही.